लाइट येते, सर्व्हिस येत नाही

लिनक्स सुरू होताना कर्नल आधी एकच प्रक्रिया उभी करतो. तिचा क्रमांक 1. डिस्क जोडणे, नेटवर्क उभारणे, डेटाबेस आणि वेबसर्व्हर सुरू करणे ही पुढची सगळी कामे तिच्या गळ्यात. बहुतेक लिनक्स वितरणांत आज हे काम सिस्टमडी करते. लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी ते 2010 मध्ये पुढे आणले. 2011 मध्ये फेडोराने आणि 2015 मध्ये डेबियनने ते स्वीकारले. त्याआधी शेल स्क्रिप्ट ओळीने, एकामागून एक चालत. सिस्टमडी जमेल तितके एकदम सुरू करते. यंत्र लवकर उभे राहते खरे, पण कोण कोणासाठी थांबले आहे ते वरवर पाहून कळत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवलेला सर्व्हर डोळ्यांसमोर आणावा. मे महिन्यात वळीव कोसळतो, रात्री लाइट जाते, यूपीएस दम तोडतो, पहाटे लाइट येते. सकाळी पंखा फिरतो आहे, दिवा लुकलुकतो आहे, पण पुस्तकांची सूची उघडत नाही. अशा वेळी हात आपसूक रीस्टार्टकडे जातो. तो आवरावा. प्रत्येक रीस्टार्टने नोंदींवर नवा थर चढतो आणि पहिली, खरी चूक खाली दबते.

आधी सिस्टमडीच्या सिस्टमसीटीएल या आज्ञेकडून पडलेल्या युनिटांची, म्हणजे सिस्टमडी सांभाळते त्या सर्व्हिस, डिस्क वगैरेंची, यादी घ्यावी, मग एकेकाचे स्टेटस पाहावे. स्टेटस शेवटच्या दहाच नोंदी दाखवते, आणि शेवटची नोंद बहुधा परिणामाची असते, कारणाची नव्हे. म्हणून नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल या आज्ञेने त्या युनिटची चालू बूटमधली सगळी नोंद वरून खाली वाचावी. आधीच्या बूटच्या नोंदी हव्या असतील तर एक अट आहे: व्हार-लॉगमध्ये जर्नल नावाची डिरेक्टरी असायला हवी. ती नसेल तर नेहमीच्या मांडणीत नोंदी मेमरीतच राहतात आणि लाइटबरोबर जातात. जिथे लाइटचा भरवसा नाही तिथे ही डिरेक्टरी पहिल्याच दिवशी करून ठेवावी. मदरबोर्डवरचा सेल संपला असेल तर नोंदींवरच्या तारखाही फसवतात. तेव्हा तारखेऐवजी बूटच्या क्रमांकावर विसंबावे.

नेहमी भेटणारा एक बिघाड राउटरचा. लाइट आल्यावर सर्व्हर लवकर उठतो, राउटरला मिनिट-दोन मिनिटे लागतात. तोवर यंत्राला आयपी पत्ता मिळालेला नसतो. सर्व्हिसच्या युनिट फाइलीत ‘नेटवर्क टार्गेटनंतर’ असे लिहिलेले असते (टार्गेट म्हणजे बूटमधला एक ठरलेला टप्पा), पण त्या टार्गेटचा अर्थ नेटवर्क हाताळणारी सर्व्हिस सुरू झाली एवढाच. पत्ता मिळाला असा नव्हे. त्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन’ हे वेगळे टार्गेट आहे. युनिट फाइलीत ‘आफ्टर’ने फक्त क्रम ठरतो, ‘वॉन्ट्स’ने ते टार्गेट मागवले जाते, दोन्ही ओळी लागतात. आता युनिटला पडल्यावर पुन्हा उठायला सांगितलेले असले तरी काय होते पाहावे. दोन प्रयत्नांमधला ठरलेला अवकाश एक दशांश सेकंद, आणि दहा सेकंदांत पाचच प्रयत्नांची मुभा. पाचही प्रयत्न डोळ्याचे पाते लवेपर्यंत संपतात, सिस्टमडी हात वर करते, आणि राउटर अजून दिवेच लावत असतो. हा अवकाश दहा सेकंदांचा केला की पाचाची मर्यादा गाठलीच जात नाही. राउटर येईपर्यंत सर्व्हिस धीराने दार ठोठावत राहते.

डिस्कचे दुखणे याहून जड. बॅकअपची बाहेरची डिस्क एफएसटॅब फाइलीत नोंदवलेली आहे आणि कोणी ती घरी नेली आहे. यंत्र तिच्यासाठी 90 सेकंद थांबते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते. त्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घातला की भागते. डिस्क ठीक असून सर्व्हिसच्या स्टेटसमध्ये निर्गम संकेत 203 दिसला तर दिलेली आज्ञा चालवताच आली नाही असे समजावे: मार्ग चुकला, परवानगी नाही, किंवा स्क्रिप्ट विंडोजवर लिहून आणली. शेवटच्या प्रकारात फाइल समोर दिसते आणि नोंद म्हणते की फाइल नाही. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे चिन्ह सोडते; ते पहिल्या ओळीतल्या शेलच्या नावाला चिकटते आणि त्या नावाचा शेल कुठेच सापडत नाही.

सगळ्यांत चकवणारा दोष जुना असतो. 2023 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. समजा, त्याला अनुसरून सर्व्हरचेही नाव बदलले, होस्ट्स फाइलीतले जुने नाव पुसले. डेटाबेसच्या कॉन्फिगरेशनमध्ये मात्र ते तसेच राहिले. चालू सर्व्हिसला याची गंधवार्ता नसते, कारण ती फाइल सुरू होतानाच वाचलेली असते. महिनोन्महिने सगळे सुरळीत. मग वळीव येतो, आणि सकाळी डेटाबेस ज्या नावाचा पत्ता विचारतो ते नाव यंत्राला ठाऊकच नसते. खापर लाइटवर फुटते. अशा वेळी ‘काल काय झाले’ यापेक्षा ‘मागच्या बूटनंतर काय बदलले’ हे विचारावे. त्यासाठी ईटीसी डिरेक्टरीतल्या फाइली बदलाच्या तारखेने लावून पाहाव्यात. त्या बूटच्या तारखेनंतर हात लागलेल्या फाइली थोड्याच निघतात.

दुरुस्ती करताना वितरणाने दिलेली युनिट फाइल थेट बदलू नये; पुढच्या अपडेटमध्ये ती बदलली जाते. सिस्टमसीटीएलच्या ‘एडिट’ने वेगळी पुरवणी फाइल तयार होते आणि टिकते. फाइल हाताने बदलली असेल तर ‘डीमन-रीलोड’ द्यावे, नाहीतर सिस्टमडी जुनाच मजकूर धरून चालते. मग ‘रीसेट-फेल्ड’ने अपयशाची मोजणी पुसावी, सर्व्हिस सुरू करावी आणि, यंत्र मोकळे असताना, एकदा मुद्दाम रीबूट करून पाहावे.