साहाय्याकडून सहभागाकडे : अपंगत्व, पुनर्वसन आणि आपली भागीदारी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या वतीने सादर केलेले मनोगत)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही आपल्यापुढे बाह्यरुग्ण विभागाची, शस्त्रक्रियांची आणि जमाखर्चाची आकडेवारी ठेवतो. ती या अहवालात अन्यत्र दिलेली आहेच. आज मात्र ज्या प्रश्नाला आमच्या कोष्टकात रकाना नाही, त्याविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी. रुग्ण घरी गेला की आमच्या नोंदवहीत ‘सुधारणा, घरी पाठविले’ असा शेरा पडतो. परंतु ज्याचा पाय कापावा लागला, ज्याच्या मणक्याला इजा होऊन कमरेखालची संवेदना गेली, त्याच्या आयुष्यातील खरा कठीण काळ पुष्कळदा त्या शेऱ्यानंतरच सुरू होतो. त्या काळात त्याच्यासोबत कोण असते, आणि आपण सोबत असतो म्हणजे नेमके काय करतो, हा आजचा विषय आहे.

लातूरकरांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट वेगळी सांगावयास नको. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि परिसराला हादरा बसला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्याहून अधिक जखमी झाली. मृतांची गणना झाली, त्यांची स्मृतिस्थळेही उभी राहिली. जखमींपैकी किती जण कायमचे अपंग झाले आणि पुढे कसे जगले, याचा हिशेब मात्र तितक्या निष्ठेने ठेवला गेला नाही. त्या दिवसांत आमच्या व्हरांड्यातही खाटा लागल्या होत्या. आम्ही हाडे बसवली, जखमा शिवल्या आणि माणसांना घरी पाठविले. त्यांचे घर उरले होते की नाही, हे विचारण्याचे भान आम्हालाही फार उशिरा आले.

मदत जगभरातून आली. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने महाराष्ट्र शासनाने मोठा भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. अतोनात हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, तर अन्य शेकडो गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. ते कार्य प्रचंड होते आणि त्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही पुढील काळात या वसाहतींत जाताना एक गोष्ट आमच्या ध्यानात येत गेली. जुनी गावे दाटीवाटीची होती. घराला घर लागून असे. देऊळ, पार, किराणा हे सारे हाकेच्या अंतरावर असे. नवी गावे सरळ रेषांत, रुंद रस्त्यांवर, विस्तीर्ण जागेत पसरली. धडधाकट माणसाला त्याचे विशेष वाटले नाही. कुबडीवर चालणाऱ्या माणसाला मात्र शेजारी दूर गेला, नळ दूर गेला आणि पारावरची बैठकही दूर गेली. कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. आराखडा मांडला गेला त्या बैठकीत कुबडी घेतलेला माणूस बसलेला नव्हता, इतकेच.

काळाचा योगायोग असा की, संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-प्रशांत आयोगाने जाहीर केलेले अपंग व्यक्तींचे दशक त्याच वर्षी, १९९३ मध्ये, सुरू झाले होते. त्या जाहीरनाम्यातून स्फूर्ती घेऊन भारताने १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा केला. तो अमलात आला फेब्रुवारी १९९६ मध्ये. आमच्याकडील पुनर्वसनाचे आराखडे त्यापूर्वीच निघाले होते. हक्क कागदावर येईपर्यंत भिंती उभ्या राहू लागल्या होत्या.

एका खोलीतील चाकाच्या खुर्च्या

दुसऱ्यांचे उणे सांगण्याआधी आमचे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी परदेशस्थ हितचिंतकांनी आमच्याकडे चाकाच्या खुर्च्या पाठविल्या. देखण्या, हलक्या, चकचकीत. आम्ही छोटेखानी समारंभ केला, छायाचित्रे काढली, खुर्च्या वाटल्या. वर्षभरात त्यांतील निम्म्याहून अधिक परत आल्या, अथवा गोठ्यात जाऊन पडल्या. कारण साधे होते. पुढची चाके लहान होती. आपल्या काळ्या मातीत पहिला पाऊस झाला की ती रुतून बसत. सुटा भाग मोडला तर तो तालुक्याच्या ठिकाणीही मिळत नसे. औसा तालुक्यातील एक शेतकरी आम्हाला म्हणाले, “साहेब, मला विचारलं असतं तर मी हाताने चालवायची तीनचाकी मागितली असती. तिचं पंक्चर आमच्या गावातला पोरगाबी काढतो.”

हे वाक्य आमच्या सर्व तज्ज्ञतेपेक्षा अधिक उपयोगी ठरले. देणगीदारांनी मनापासून दिले होते. आम्हीही मनापासून वाटले होते. ज्याच्यासाठी हे सारे चालले होते, त्याला विचारण्याचे तेवढे आमच्याकडून राहून गेले होते. पुढील वेळी आम्ही आधी यादी केली, प्रत्येकाचे घर, वाट आणि काम पाहिले, गावच्या सायकल दुरुस्तीवाल्याशी बोललो आणि मग हितचिंतकांना पत्र लिहिले. आम्हाला सांगावयास आनंद वाटतो की, ते पत्र वाचून ते रागावले नाहीत. ‘आधीच का कळविले नाही?’ एवढेच त्यांनी विचारले.

असाच धडा देशाला फार पूर्वी जयपूरने दिला होता. पाश्चात्त्य धर्तीचा कृत्रिम पाय बुटात घालावा लागे. त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी या अस्थिशल्यविशारदाने मिळून अनवाणी चालणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाला साजेसा पाय घडविला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो लक्षावधी लोकांपर्यंत आणि पुढे आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांपर्यंत पोहोचविला. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे नेहमी बाहेरून आत येणारा ओघ असतो, ही समजूत त्या पायाने खोडून काढली.

भागीदारी कशास म्हणावे?

आमच्या भूमीतही याचे उदाहरण आहे. भूकंपानंतरच्या घरदुरुस्ती कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया शासन आणि ग्रामस्थ यांमधील दुवा बनल्या. त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणत. अनुदानाची माहिती देणे, बांधकाम पाहणे, तक्रारी वर पोहोचविणे ही कामे त्यांनी केली. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा मराठवाड्यातील स्त्रिया तेथील भगिनींना आपला अनुभव सांगावयास गेल्या. आपद्ग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या या स्त्रिया मार्गदर्शक झाल्या. अशीच जबाबदारी त्या वेळी अपंग व्यक्तींच्या हाती दिली गेली असती, तर नव्या गावांतील नळ आणि पार कोठे असते, हा प्रश्न आम्ही स्वतःला वारंवार विचारतो.

जगाने या प्रश्नाला आता कायद्याचे रूप दिले आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकृत झाला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला अनुसमर्थन दिले. त्यातील अकरावे कलम आपत्तीच्या प्रसंगी अपंगांच्या संरक्षणाविषयी आहे, तर बत्तिसावे कलम आंतरराष्ट्रीय सहकार्याविषयी. विकासाचे कार्यक्रम अपंगांना सामावून घेणारे आणि त्यांना सुगम असावेत, आणि ते राबविताना त्यांच्या संघटनांशी भागीदारी असावी, असे ते कलम सांगते. एप्रिल २०२५ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या जागतिक परिषदेने आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक देशात राबविल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय विकास कार्यक्रमांपैकी किमान १५ टक्के कार्यक्रमांचे अपंगांचा समावेश हे एक उद्दिष्ट असावे, असे तेथील जाहीरनाम्यात म्हटले आहे.

हे सारे दूरचे वाटेल, म्हणून आपल्या दाराशी येऊ. या करारास अनुसरून झालेला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याने मान्य अपंगत्वांची संख्या २१ केली. त्याच्या आठव्या कलमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील अपंग व्यक्तींची नोंद ठेवावयाची आहे आणि संकटाची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवावयाची आहे. आपत्ती म्हणजे केवळ भूकंप नव्हे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा टँकरभोवतीच्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या. ज्याला रांगेत उभे राहता येत नाही, भरलेली घागर उचलता येत नाही, त्याच्या घरी ते पाणी शेजाऱ्याच्या चांगुलपणावरच पोहोचत होते. चांगुलपणा मोलाचा खरा. पण हक्काच्या पाण्यासाठी रोज कोणाच्या तरी तोंडाकडे पाहावे लागणे यातील दुःख ज्याचे त्यालाच कळते.

त्याच कायद्याचे पंचविसावे कलम रुग्णालयांना उद्देशून आहे. शासकीय असो वा खाजगी, रुग्णालयाचा प्रत्येक भाग अपंगांना विनाअडथळा वापरता यावा आणि त्यांना उपचारांत प्राधान्य मिळावे, असे ते सांगते. या कसोटीवर आम्ही उतरतो का? आपल्यापासून लपवून काय करावयाचे? आमच्या मुख्य दारापाशी उतार आहे, पण तो इतका तीव्र आहे की दोघांनी मागून रेटल्याखेरीज खुर्ची वर चढत नाही. स्वच्छतागृहाचा दरवाजा अरुंद आहे. कर्णबधिर रुग्णाशी खुणांच्या भाषेत बोलू शकेल असा एकही कर्मचारी आमच्याकडे नाही. पाहणी करण्यासाठी आम्ही याच वर्षी प्रथम आमच्याच काही जुन्या रुग्णांना बोलाविले. एका सकाळी त्यांनी जे दाखविले, ते आम्हाला इतकी वर्षे रोज त्याच दारातून ये-जा करूनही दिसले नव्हते.

आपल्याकडे मागणे

म्हणून आमचे काही संकल्प आहेत आणि काही मागणी आहे. रुग्णालयाच्या सल्लागार समितीत अपंग व्यक्तींच्या संघटनांचे प्रतिनिधी घ्यावेत, आणि त्यांचे मत निर्णयापूर्वी नोंदले जावे, अशी विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे. देणगीदारांनी आम्हाला विचारावे : ही वस्तू कोणाला विचारून मागविली? दुरुस्ती कोण करणार? वर्षाने ती कोठे असेल? असे प्रश्न विचारणारा देणगीदार आम्हास अधिक जवळचा वाटेल. ग्रामपंचायतींच्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च व्हावयाचा असतो, हे फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हाती औषधांच्या चिठ्ठीसोबत ही माहिती आणि दाखल्याचा अर्ज देण्याचे आम्ही ठरविले आहे. बालकांच्या बाबतीत हरंगुळ येथील ‘संवेदना’सारखी केंद्रे अनुभवी आहेत. त्यांचे काम आपण पुन्हा नव्याने मांडण्यापेक्षा त्यांच्याकडे वेळेवर पाठविणे हेच शहाणपणाचे.

आणि रुग्णांच्या कुटुंबीयांस एक सांगणे. आपल्या माणसाला जपताना त्याचे बोलणे आपणच बोलू लागतो. तपासणीच्या खोलीत आम्ही डॉक्टरसुद्धा ‘यांना काय होते?’ असे सोबतच्या माणसाला विचारतो. ही सवय आपण दोघांनी मिळून सोडावयाची आहे.

पुढील वर्षीच्या अहवालात शस्त्रक्रियांच्या कोष्टकाखाली एक नवा रकाना असेल : घरी गेलेल्यांपैकी किती जणांना आम्ही सहा महिन्यांनी जाऊन भेटलो. तो आकडा प्रथम लहान असेल. तो आपल्यापुढे ठेवताना आम्हाला संकोच वाटेल, पण आम्ही तो ठेवू.