कादंबरीकार नाथमाधव

(वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे आणि ज्या कल्याणात १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तेथील मंडळींस ‘वीरधवल’ ही कादंबरी ठाऊक नसावी असे होणार नाही. १९१३ साली निघालेल्या या अद्भुतरम्य कादंबरीवर कर्त्याचे नाव नाथमाधव असे आहे. त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधव पितळे. आपल्या नावाचा उत्तरार्ध व वडिलांचे नाव जोडून त्यांनी हे टोपणनाव सिद्ध केले. पडद्याआड जातानाही पित्याचा हात सोडला नाही, याचे आम्हांस कौतुक वाटते.

जन्म ३ एप्रिल १८८२, मुंबई. शिकारीचा नाद मोठा. १९०५ साली सिंहगडावर शिकारीस गेले असता ते कड्यावरून कोसळले व कमरेखालचे शरीर लुळे पडले. वय अवघे तेवीस! रुग्णशय्येवर त्यांनी वाचनाचा सपाटा लाविला आणि त्या वाचनातून लेखणी हाती आली. १९०८ साली ‘प्रेमवेडा’, लगेच पुढील वर्षी ‘सावळ्या तांडेल’. तांडेल म्हणजे कोण, हे खाडीकाठच्या आपणांस सांगावयास नकोच. ज्यास स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडणे दुरापास्त, त्याने वाचकांस दर्यावर न्यावे! अद्भुत कादंबरी म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे म्हणणारे आमच्या शिक्षकी पेशात पुष्कळ होते. आम्हांस ते कधीच पटले नाही.

पुढे ‘डॉक्टर’ ही सामाजिक कादंबरी झाली, ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ आदी शिवकालीन कादंबऱ्या झाल्या. २१ जून १९२८ रोजी, सेहेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. हाती मिळाली ती वीस वर्षे.

हे आज सांगण्यास कारण आहे. अपघाताने वा आजाराने घरी बसलेली मुले आपल्या डोंबिवली-कल्याणच्या बिऱ्हाडांतही आहेत. अशा एका मुलाचे नाव पटावरून कमी होताना आम्ही पाहिले आहे. “आता त्याला कशाला त्रास?” एवढेच त्याचे वडील म्हणाले. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत शाळेतील हजेरीचा दाखला लागतो. ती अट अशा मुलांपुरती काढावी व दरमहा चार पुस्तके त्यांच्या घरी पोचवावीत, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारी मंडळाकडे आजच दिली आहे. पुस्तके पोचविण्याचे काम, जिने चढवत आहेत तोवर, आम्ही पत्करतो.