अनोळखी दिसला म्हणून?

ऊसतोडीच्या हंगामात आमच्या बिद्रीत नवे चेहरे दिसतात, की लगेच कुजबुज सुरू होते. पण नुसतं अनोळखी दिसला म्हणून पोलीससुद्धा अटक करू शकत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे, वॉरंट नसेल तर गुन्ह्याची रास्त तक्रार, विश्वासार्ह माहिती किंवा सबळ संशय लागतो. अटकेचं कारणही सांगावं लागतं.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागणारे डवरी गोसावी होते.

म्हणून आम्ही ठरवलंय: शंका आली तर गर्दी जमवायची नाही. ११२ ला फोन करायचा, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं.