आवाज कापतो तेव्हा



बँक सखीच्या कामासाठी मी मुलाखतीला गेले होते. बीए झालेलं, गटाचा हिशेब तोंडपाठ. पण "तुमचं नाव सांगा" म्हटल्यावर आवाजच फुटेना. फुटला तो कापरा. ते काम मला मिळालं नाही.

आपण घाबरलो की श्वास वरच्यावर होतो. आवाज तर बाहेर पडणाऱ्या श्वासावरच चालतो. श्वास तोकडा पडला की आवाज थरथरतो. म्हणून आधी श्वास सांभाळायचा.

बाहेर नंबरची वाट बघताना, गरम चहावर फुंकर घालतो तसा श्वास हळूहळू, लांब सोडा. आत गेल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसा. प्रश्न संपला की एक श्वास घ्या, मग बोला. तेवढं थांबलेलं चालतं. नाव, गाव, काम हे पहिलं वाक्य घरूनच मोठ्याने म्हणून जा. तरी आवाज कापलाच तर घोटभर पाणी प्या आणि तेच वाक्य सावकाश पुन्हा सांगा.

आता आमच्या गटात दर बैठकीला एक जण उभी राहून हिशेब वाचते. एका ताईंच्या हातातली वही पहिल्यांदा थरथरत होती. गेल्या महिन्यात त्या वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या कामासाठी मुलाखत देऊन आल्या. निकाल अजून यायचाय. पण घरी येताच म्हणाल्या, "ताई, मला सगळं नीट सांगता आलं."

पुढच्या बैठकीत हिशेबाची वही तुम्ही मागून घ्या.