पोपटी, पाचाड आणि एक जुना उपास

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला संयोजकांनी सांगितलं होतं, 'संगणक क्षेत्रातल्या वाटचालीवर बोल.' त्या वाटचालीत बहुतेक वेळ मी खुर्चीत बसून होते, त्यामुळे त्यावर सांगण्यासारखं फार काही नाही. गेल्या डिसेंबरात आपल्यातली सहा घरं मुलांना घेऊन पाचाडला दोन दिवस राहून आली. मी त्याबद्दल बोलणार आहे.

निमित्त माझ्या लेकीचं. ती पुण्यात वाढली. तिच्यासाठी महाड म्हणजे आजीचं घर आणि जाताना लागणारा घाट. मुलांना घेऊन रायगडला जाऊ, असं मी आपल्या ग्रुपवर सहज लिहिलं आणि रात्रीपर्यंत सहा घरं तयार झाली. एरवी याच ग्रुपवर वाढदिवसाच्या केकशिवाय कशावरही एकमत होत नाही.

पाचाडला गडाच्या पायथ्याशी एका घरात उतरलो. अकरा मुलं, बारा मोठी माणसं, तीन खोल्या आणि एक पडवी. मुलांनी पहिला तास मोबाईलची रेंज शोधण्यात घालवला, मग नाद सोडला. दुपारी जिजाऊंच्या समाधीला जाऊन आलो. संध्याकाळी थंडी पडायला लागली तशी घरमालकांनी शेतात पोपटी लावायची तयारी केली.

बाहेरगावी राहणाऱ्यांच्या जिभेला आठवण राहावी म्हणून जरा सविस्तर सांगते. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला. त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी. वर पुन्हा पाला दाबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-लाकडं रचून जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. शेंगा स्वतःच्याच ओलाव्यावर शिजतात. भांबुर्डीचा वास सुटला की अंधारातसुद्धा कळतं, झाली. आम्ही दोन मडकी लावली, एक शाकाहारी, एक मांसाहारी. मुलांना हा फरक पहिल्या पाच मिनिटांपुरताच लक्षात राहिला.

पोपटी होईपर्यंत सगळ्यांनी आपापले डबे उघडले. आपली एक मैत्रीण घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन आली होती. ती आत्ता समोरच बसली आहे आणि हे सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. माझी लेक तिच्या शेजारी बसून तिसरी भाकरी खात होती. मैत्रीण तिला म्हणाली, "पोटभर खा गं. तुझ्या आईचा तेव्हा उपास होता."

लेकीने विचारलं, "कसला उपास?"

"पोळी-भाजीचा," ती म्हणाली आणि हसली.

मला हसता आलं नाही.

आपली नववीतली सहल आठवा. जानेवारी १९९५. रोपवे तेव्हा नव्हता, तो आपण दहावी झालो त्या वर्षी, १९९६ला आला. हजारावर पायऱ्या चढून आपण गडावर गेलो, धर्मशाळेत मुक्काम केला, थंडीने कोणी झोपलं नाही. इतिहासाच्या बाईंनी हिरकणीची गोष्ट सांगितली होती. त्या सहलीचा गट-फोटो आमच्या घरी होता, तो जुलै २०२१च्या पुरात गेला. पण फोटोत नसलेली एक गोष्ट मला तेव्हापासून ठाऊक आहे. संध्याकाळी या मैत्रिणीने डबा माझ्यापुढे धरला. हीच भाकरी, हीच चटणी. मी म्हटलं, माझा उपास आहे. तासाभराने मी दुसऱ्या एकीच्या डब्यातली पोळी-भाजी खात होते आणि ते तिने पाहिलं. आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसत होतो. तिच्या वह्या मला चालत होत्या, गणितं तर फारच चालत होती. घरी मला कोणी 'तिच्याकडचं खाऊ नकोस' असं कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही, यातच काय ते आलं.

त्या रात्री पडवीत मुलं झोपल्यावर मी तिला म्हटलं, "चुकलं गं माझं." ती म्हणाली, "चुकलंच." मग बराच वेळ आम्ही विझत आलेल्या जाळाकडे बघत बसलो. ती एवढंच म्हणाली की, त्या सहलीनंतर दहावी होईपर्यंत तिने शाळेत डबा आणला नाही. मधल्या सुट्टीत ती ग्रंथालयात असायची, हे आठवतं ना? आम्ही तिला पुस्तकातला किडा म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी मुलं पायऱ्यांनी वर गेली, गंगासागर, बाजारपेठ, जगदीश्वर सगळं पळत पळत पाहिलं. गुडघेवाले आम्ही रोपवेने खाली आलो. हिरकणी बुरुजाशी माझ्या लेकीने विचारलं, "तिला खाली जाऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परतताना महाडात शिरल्यावर मैत्रीण म्हणाली, मुलांना तळं दाखवूया. आपण सगळे चवदार तळ्याच्या कडेने रोज शाळेत गेलो. मला तारीख पाठ होती, २० मार्च १९२७, दोन मार्कांचा प्रश्न. पायऱ्यांवर बसून मुलांना तिने बाकीचं सांगितलं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ला झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ला तळं खुलं केलं होतं. म्हणजे कागदावर परवानगी होती आणि पाण्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. आमच्या धंद्यात असं झालं की आम्ही रात्रभर जागून चूक शोधतो. इथे बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन ओंजळभर पाणी प्यायला यावं लागलं. त्यानंतर लोकांनी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

मग ती सहज म्हणाली, "माझे पणजोबा होते त्या दिवशी. पायऱ्या उतरून पाणी प्यायले होते."

तीन वर्षं एक बाक, तीस वर्षांची ओळख, आणि हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. "तू कधी बोलली नाहीस," मी म्हटलं. "तू कधी विचारलं नाहीस," ती म्हणाली.

माझी लेक पाण्याकडे बघत होती. तिने मैत्रिणीच्या मुलाला विचारलं, "डब्यात एखादी भाकरी उरलीय का?" एक उरली होती. त्या दोघांनी तिथेच पायरीवर बसून अर्धी-अर्धी खाल्ली.

तर, पुढच्या जानेवारीत पुन्हा जायचं ठरलं आहे. यावेळी मडकी चार लागतील. ज्यांना यायचं आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नावं द्या, मुलांची संख्या वेगळी लिहा. शेंगा मी आणणार, भाकऱ्या आणि चटणी ती. बाई, तुम्हीसुद्धा यायचंय. रोपवेने नेऊ.