अंगणातील झाडे आणि पाण्याचा हिशेब
(मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही विद्वान वक्ता नाही. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत, आणि नोकरी तालुक्याच्या कचेरीत कारकुनाची. देणगीदारांच्या यादीत माझे नाव फार खाली आहे. तरीही समितीने मला दोन शब्द बोलण्यास सांगितले, याबद्दल मी आभारी आहे. अध्यात्मावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. ज्या कामात माझी वीस वर्षे गेली, त्यातलेच काही सांगतो. ते काम म्हणजे टंचाईचे कागद.

कचेरीत आम्ही आवक-जावक नोंदवही ठेवतो. कोणता कागद आला आणि कोणता गेला, ते तीत कळते. गावाच्या पाण्याचीही अशीच नोंदवही असते, फक्त ती कोणी लिहीत नाही. आपल्या माणदेशात पावसाची सरासरी वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तोही सगळा चार महिन्यांत, आणि त्यातला बराच भाग परतीच्या पावसाचा. म्हणजे आवक चार महिने आणि जावक बारा महिने. अशा ठिकाणी अंगणात काय लावावे हा हौसेचा प्रश्न राहत नाही, तो पाण्याच्या हिशेबाचा प्रश्न होतो.

आता हिशेबच मांडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे एकशे एक चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळ, ज्याला आपण लॉन म्हणतो, ती हिरवी ठेवायची तर रोज कमीत कमी पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागते. म्हणजे एका गुंठ्याला रोज पाचशे लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. म्हणजे एक गुंठा गवत नऊ माणसांचे पाणी पिते. आणि हे गवत गाईने खायचे नसते, त्यावर पाय द्यायचा नसतो. नुसते पाहायचे असते.

हा हिशेब मला आधीपासून येत होता, असे मात्र समजू नका. तो मी चूक करून शिकलो. ती चूक आज देवाच्या दारात सांगून टाकतो.

आमच्या घरापुढे वडिलांनी लावलेला कडुलिंब होता. २०१५ साली मी जुने माळवद पाडून स्लॅबचे घर बांधले. झाडाचा पाला स्लॅबवर पडतो, लिंबोळ्यांनी फरशी चिकट होते, पन्हळी तुंबतात, असे मला वाटू लागले. आई नको म्हणत होती. तिची दुपार त्याच झाडाखाली जायची. शेंगा फोडणे, वाती वळणे, शेजारणींशी बोलणे, सगळे तिथेच. मी तिला म्हणालो, "आई, आता घरात पंखा आहे." आणि झाड तोडले. त्या जागी शहरातल्या एका रोपवाटिकेतून अर्धा गुंठा लॉन आणि चार बाटलीच्या आकाराचे ताड आणून लावले. येणारे-जाणारे थांबून बघत. मलाही बरे वाटे.

पुढे २०१८ सालचा दुष्काळ आला. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर शासनाने राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, हे आपणा सर्वांना आठवत असेल. मी कचेरीत टँकरच्या खेपा मांडीत होतो. कोणत्या वस्तीला किती माणसे, किती जनावरे, किती खेपा. आणि घरी आल्यावर बोअरला जे थोडे पाणी येई, ते नळीने गवताला सोडत होतो. एके दिवशी आईने हंडा आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, कचेरीत बसून लोकांना पाणी मोजून देतोस, आणि घरी गवताला न मोजता पाजतोस?" मी नळी बंद केली. पंधरा दिवसांत लॉन पिवळे पडले. ताडांनी उन्हाळा काढला नाही. मे महिन्यात अंगणात पाय ठेववत नव्हता. तोडलेल्या कडुलिंबाला मात्र आम्ही कित्येक वर्षांत एक तांब्याभरही पाणी घातले नव्हते.

मंडळी, तेव्हापासून मी या विषयाकडे लक्ष देऊ लागलो. आपल्या मातीतली झाडे पाण्यावाचून कशी जगतात, ते थोडे पाहू.

यात चमत्कार काही नाही. या झाडांना दुष्काळाची सवय हजारो वर्षांची आहे. काही झाडे मूळ खोल सोडतात. शमी, जिला आपण सौंदड म्हणतो, ती पहिली काही वर्षे वर फारशी वाढलेली दिसत नाही, कारण तिचे सारे बळ खाली मुळाकडे गेलेले असते. काही झाडे उन्हाळा जवळ आला की पाने टाकतात. पळस निष्पर्ण होतो आणि मग फाल्गुनात केशरी फुलांनी पेटतो. बहावा पाने गाळून चैत्र-वैशाखात पिवळे झुंबर लावतो. पाने टाकणे म्हणजे झाडाने खर्च कमी करणे होय. संसारी माणूस टंचाईत हेच करतो. बाभूळ, हिवर, सौंदड यांची पाने बारीक असल्यामुळे ऊन त्यांना फार पोळत नाही. रुईच्या पानावर मेणासारखा थर असतो. म्हणजे प्रत्येकाने आपापली तजवीज केलेली आहे.

वडील सांगत की, १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला जात, तेव्हा शिवारात हिरवे म्हणून दिसे ते कडुलिंब, हिवर आणि सौंदड. त्यांच्याच डहाळ्यांवर शेळ्या जगल्या. आपण दसऱ्याला शमीची पूजा करतो, ती उगीच नव्हे. राजस्थानात याच झाडाला खेजडी म्हणतात. तिथे खेजडली गावी १७३० साली ही झाडे वाचविण्यासाठी अमृतादेवी आणि बिष्णोई समाजातील ३६३ माणसांनी प्राण दिले. वाळवंटातल्या लोकांना या झाडाची किंमत कळली होती.

आता कोणी विचारील की, आमचे अंगण लहान, आम्ही काय लावावे? त्यासाठी माझ्या अनुभवाने व जाणत्यांना विचारून थोडे सांगतो.

चार हात जागा असेल तर तुळस आहेच. तिच्या जोडीला अडुळसा, कोरांटी, कढीपत्ता. खोकल्याला अडुळसा घरचा होतो, आणि शेळी त्याला तोंड लावीत नाही. कुंपणाला तरवड आणि निर्गुडी लावावी. त्यांनाही जनावर सहसा खात नाही, त्यामुळे काटे न लावता कुंपण होते. तरवडाची पिवळी फुले माळावर आपण रोज पाहतो, पण ते फुलझाड म्हणून घरी लावावे असे आपल्याला सुचत नाही. विकतच्या कुंडीतले फूल तेवढे फूल, अशी आपली समजूत झाली आहे. थोडी अधिक जागा असेल तर पारिजातक आणि शेवगा. शेवगा लवकर शेंगा देतो व त्याचा पालाही भाजीस येतो. परसात जागा असेल तर बेल, आपटा, बहावा, बोर. घरापासून पंधरा-वीस फुटांवर कडुलिंब.

वड, पिंपळ, उंबर ही मात्र घराच्या भिंतीशी लावू नयेत. त्यांची मुळे पाया आणि विहिरीचे बांधकाम उकलतात. आपल्या या मंदिराच्या जुन्या शिखराच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ उगवला आणि त्याने दगड सरकविले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पिंपळ पूज्य आहे, पण त्याची जागा पारावर आहे, शिखरावर नाही. दरवर्षी पावसाळ्यानंतर शिखर तपासून अशी रोपे लहान असतानाच काढावीत, अशी समितीला नम्र सूचना आहे.

बाहेरून आलेले सगळेच वाईट असेही मी म्हणत नाही. चिंच मूळची आफ्रिकेची आणि सीताफळ अमेरिकेकडचे, पण ती आपल्या घरची झाली आहेत. पाहुणा राहिला आणि राबू लागला, तर तो घरचाच. परंतु घाणेरी शोभेसाठी आली आणि डोंगर व्यापून बसली. वेडी बाभूळ सरपणासाठी आली आणि ओढे-नाले अडवून बसली. गाजर गवताने तर पडीक जागा ठेवली नाही. हे पाहुणे घराचे मालक झाले. अलीकडे लवकर हिरवे होते म्हणून कोनोकार्पस नावाचे झाड जागोजागी लावतात. गुजरात शासनाने २०२३ साली त्याच्या लागवडीस मनाई केली आहे. म्हणून रोप घेताना ते किती लवकर वाढते एवढेच न विचारता, ते कुठले आहे आणि किती पाणी मागते, हेही विचारावे.

लावण्याची रीत सोपी आहे. उन्हाळ्यात दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डा काढून तो उन्हात तापू द्यावा. वरची चांगली माती, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून भरावा. एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे. लिंबोळीची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून पिकलेली लिंबोळी पडल्यावर आठ-पंधरा दिवसांत पेरावी. पळसाचे बी जागेवरच टोकावे, कारण त्याचे सोटमूळ हलविलेले त्याला सोसत नाही. बहाव्याचे बी टणक असते, ते गरम पाण्यात भिजवून मग लावावे.

काटक झाड म्हणजे पहिल्या दिवसापासून पाण्यावाचून जगणारे झाड नव्हे. येथेच पुष्कळांची फसगत होते. पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला जपावेच लागते. पण रोज तांब्याभर घालण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर घालावे, म्हणजे ओल खाली जाते आणि मूळ तिच्या मागे जाते. रोज वरवर पाणी दिले तर मूळ वरच राहते आणि झाड आळशी होते. रोपाशेजारी जुने मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवावे. ते हळूहळू झिरपते. आळ्यात पालापाचोळा पसरावा. झाडलेला पाला जाळू नये, तो आळ्यातच घालावा.

छपराचे पाणीही वाया जाऊ देऊ नये. चारशे चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सुमारे सदतीस चौरस मीटर. पाचशे मिलिमीटर पावसात त्यावर साडेअठरा हजार लिटर पाणी पडते. काही वाया गेले असे धरले तरी पंधरा हजार लिटर हाती येते. ते गटारात न सोडता खड्ड्यात आणि आळ्यात सोडले तर झाडांचा पहिला उन्हाळा सुखाचा जातो.

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. मंदिराचे काम सुंदर झाले आहे. त्यासाठी मुंबई-पुण्याच्या आपल्या गावकऱ्यांनी आणि येथल्या मजुरी करणाऱ्या आयाबहिणींनीही हात सैल सोडला, याचा अभिमान वाटतो. आता प्रांगणाचा नकाशा समितीपुढे आहे. त्यात चार गुंठे लॉन, उरलेल्या जागेत सिमेंटचे ब्लॉक, आणि पूर्वेकडील भिंतीच्या रेषेत येणारी जुनी सौंदड व दोन कडुलिंब काढून टाकणे, असे आहे. ज्यांनी नकाशा केला त्यांचा हेतू चांगलाच आहे. देवाचे दार नीटनेटके दिसावे असे कोणाला वाटणार नाही? पण हिशेब पाहा. चार गुंठे लॉन म्हणजे उन्हाळ्यात रोज दोन हजार लिटर पाणी, म्हणजे छत्तीस माणसांचे. आपल्या गावाने २०१९ च्या उन्हाळ्यात टँकरपुढे रांगा लावल्या. पुन्हा तशी वेळ आली तर आपण देवाच्या दारातले गवत भिजवणार की रांगेतल्या बाईचा हंडा भरणार? लॉन वाळले तर देणगी वाया, आणि न वाळू दिले तर पाणी वाया.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. भिंत चार फूट आत घ्यावी आणि ती तीन झाडे राहू द्यावीत. लॉनऐवजी बेल, आपटा, बहावा, पारिजातक लावावेत. श्रावणी सोमवारी बेल बाहेरून आणावा लागणार नाही, आणि दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने घ्यावी लागणार नाहीत. कडेने दूर्वा आपोआप येतील. सभामंडपाच्या स्लॅबचे पाणी नळाने या झाडांकडे सोडावे. ज्या देणगीदारांना लॉनसाठी रक्कम द्यायची आहे, त्यांनी ती खड्डे, मडकी आणि जाळ्या यांसाठी द्यावी. पहिले तीन उन्हाळे या झाडांना पाणी घालण्याची जबाबदारी मी स्वतः घेतो. कचेरीतून आल्यावर संध्याकाळचा वेळ माझ्याजवळ आहे.

माझ्या अंगणात २०१९ च्या पावसाळ्यात मी पुन्हा कडुलिंब लावला. लिंबोळी आईनेच वेचून दिली होती. २०२१ साली आई गेली, तेव्हा ते झाड तिच्या खांद्याएवढे झाले होते. सावलीला बसण्याजोगे नव्हते. आज ते स्लॅबच्या वर गेले आहे, आणि दुपारी शेजारच्या बायका तिथे शेंगा फोडायला बसतात. वडिलांचे झाड तोडायला मला एक सकाळ पुरली होती. ही सौंदड आणि हे दोन कडुलिंब काढायलाही एकच सकाळ लागेल. ती सकाळ येऊ देऊ नये, एवढेच सांगण्यासाठी मी उभा राहिलो.