संगणकातला संगणक अडतो तेव्हा

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवता येतो, ही गोष्ट आता शाळांपर्यंत पोचली आहे. गावच्या हायस्कुलात बऱ्यापैकी संगणक एकच असतो, आणि मुलांना तर सर्व्हर कसा मांडतात, मोडला तर कसा सावरतात, हे स्वतःच्या हाताने करायचे असते. मग मास्तर त्या लिनक्स संगणकात तीनचार ‘व्हर्च्युअल मशीन’ मांडतात. पोरांनी एक मोडले तरी बाकीच्यांना धक्का नाही. २००७ साली केव्हीएम हा भाग लिनक्सच्या गाभ्यातच आला. तेव्हापासून यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

सोयीसाठी असे धरा, की बाहेरचा संगणक म्हणजे वाडा, आणि आतली यंत्रे म्हणजे त्यातले भाडेकरू. भाडेकऱ्याला वाटते आपले घर स्वतंत्र आहे. पण पाणी, दिवा, वाट, सगळे वाड्याकडून येते. म्हणून त्याचे काही अडले तर खोट बहुतेक वाड्यात असते. आणि आपण शोधत बसतो भाडेकऱ्याच्या खोलीत!

पहिली अडचण परवानगीची. मास्तर म्हणतात, “फाईल माझी, फोल्डर माझे, पासवर्डही माझा. तरी यंत्र सुरू करताना ‘परमिशन डिनाइड’ का?” अहो, कारण ते यंत्र तुमच्या नावाने चालतच नाही. लिबव्हर्ट नावाची व्यवस्था ते काम एका वेगळ्या वापरकर्त्यावर सोपवते. उबुंटूत त्याचे नाव ‘लिबव्हर्ट-क्यूएमू’, फेडोरात नुसते ‘क्यूएमू’. हा जणू वाड्यातला गडी. यंत्राच्या डिस्कची फाईल, म्हणजे धान्याची कोठी, लिबव्हर्ट त्याच्या ताब्यात आपण होऊन देते. पण कोठीपर्यंतची वाट? फाईल तुमच्या घरच्या फोल्डरात असेल, तर आधी दिंडी, मग चौक, मग माजघर. उबुंटूने २०२१ पासून नव्या वापरकर्त्यांच्या घरची दिंडी परक्यांना बंदच ठेवली आहे. गड्याच्या हातात कोठीची किल्ली आहे, आणि बिचारा उभा आहे दिंडीबाहेर.

इथे कोणीतरी शहाणा सांगतो, “सीएचमॉड ७७७ करा, सगळे उघडेल.” उघडेल खरे. पण त्याच घरात मुलांच्या गुणांच्या याद्या असतात, दाखल्यांच्या नकला असतात. त्या त्या संगणकावर बसणाऱ्या कोणालाही वाचता येतील, बदलताही येतील. गड्याला वाट हवी म्हणून वाड्याची सगळी दारे खिळखिळी करायची, हे मला मुळीच पटत नाही. ‘नेमआय’ नावाची एक लहानशी आज्ञा आहे. तिला एल हा पर्याय जोडून फाईलचा पूर्ण पत्ता दिला, की ती वाटेवरचे एकेक दार आणि त्याचा कुलूपबंदोबस्त ओळीने दाखवते. जे दार अडते, तेवढ्यावर त्या एका वापरकर्त्याला ‘सेटफॅकल’ने एक्सची परवानगी द्यावी. फोल्डरावरचा एक्स म्हणजे फक्त आतून जाण्याची मुभा. आत काय काय आहे त्याची यादी त्याने दिसत नाही. त्याहून बरे म्हणजे डिस्कच्या फाइली लिबव्हर्टच्या स्वतःच्या ‘इमेजेस’ फोल्डरातच ठेवाव्या. आणि हो, स्वतःला लिबव्हर्टच्या गटात घातले असेल तर एकदा लॉगआउट होऊन परत या. गटाची नोंद लॉगिनच्या वेळीच वाचली जाते.

नेटवर्कचे थोडक्यात सांगतो. लिबव्हर्टच्या नेहमीच्या मांडणीत भाडेकऱ्यांना १९२.१६८.१२२ ने सुरू होणारे पत्ते मिळतात. त्यांची पत्रे वाड्याच्या नावाने बाहेर जातात, उत्तरे बरोबर परत येतात. पण बाहेरच्याने आपण होऊन भाडेकऱ्याला हाक मारली, तर ती आत पोचत नाही. म्हणून आतल्या यंत्रात इंटरनेट चालते आणि शेजारच्या संगणकावरून ते यंत्र मात्र सापडत नाही. हा बिघाड नव्हे, रीतच तशी. बाहेरून सापडायला हवे असेल तर ‘ब्रिज’ बांधावा लागतो, आणि तो तारेच्या जोडणीवर बांधावा. वायफायवर तो सहसा चालत नाही. आतून काहीच बाहेर जात नसेल, तर ‘डिफॉल्ट’ नावाचे नेटवर्क सुरू तरी आहे का, ते आधी पाहावे.

खरा घात होतो तो डिस्कच्या आकड्यांनी. यंत्राला ४० जीबीची डिस्क दिली, तरी ती सगळी जागा सहसा लगेच अडत नाही. लिहिले जाईल तशी फाईल भरत जाते. सातबाऱ्यावर चाळीस एकर, नांगराखाली चार! म्हणून १०० जीबीच्या वाड्यात असे चार भाडेकरू सुखाने राहतात, आणि एक दिवस वाड्याचीच जागा संपते. तेव्हा आतले यंत्र एकाएकी गोठते. आत पाहिले तर डिस्क निम्मी रिकामी दिसते! ‘व्हर्श’मधली ‘डॉमबीएलकेइन्फो’ ही आज्ञा दिली, की कबूल केलेली जागा आणि खरोखर व्यापलेली जागा वेगवेगळी कळते. चारही यंत्रांची कबूल जागा मांडून बेरीज करा, आणि ती वाड्याच्या जागेशी ताडून पाहा.

गोठलेले यंत्र पाहून घाबरून वीज तोडू नका. जागा संपल्याने ते थांबवून ठेवलेले असते. वाड्यातले जुने सामान हलवून जागा मोकळी करावी आणि ‘रिझ्यूम’ म्हणावे. मुलांनी अर्धवट लिहिलेले काम जिथल्या तिथे पुढे चालू होते. ‘डिस्ट्रॉय’ हा शब्द वाचून कित्येकांच्या पोटात गोळा येतो, पण त्याने फाईल पुसली जात नाही, नुसती वीज तोडल्यासारखे होते. अर्धवट काम मात्र त्यात जाऊ शकते. आणि आतल्या यंत्रात फाइली पुसल्या म्हणून वाड्यातली जागा लगेच परत मिळत नाही, बरं का. त्यासाठी डिस्कच्या मांडणीत ‘डिसकार्ड’चा पर्याय ‘अनमॅप’ ठेवावा लागतो, आणि आत अधूनमधून ‘एफएसट्रिम’ चालवावे लागते.